रस्ता आधी काय होता? बर्गंडीतल्या गाड्यांविना सायकलवाटांबद्दल

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही आणि तुमचे यजमान, दोघंही साठीच्या उंबरठ्यावर. रोज सकाळी वीस-पंचवीस किलोमीटर सायकल होते, पण शेजारून ट्रक गेला की हात लटपटतात. आठ-नऊ दिवस हाताशी आहेत. फ्रान्सच्या बर्गंडीत टेकड्या, द्राक्षबागा आणि नदीकाठ असं निवांत फिरायचं आहे. जिथे बघावं तिथे 'ट्रॅफिकमुक्त मार्ग' लिहिलेलं दिसतं. त्यात खरं किती, आणि तुम्हाला झेपेल का?

झेपेल. या भागात मी बरेच उन्हाळे सायकल चालवली आहे, कधी एकटा, कधी पाच-सहा जणांना घेऊन, आणि त्यांत तुमच्याहून वयाने मोठे लोकही होते. पण 'ट्रॅफिकमुक्त' या शब्दावर विसंबून राहू नका. त्याखाली अगदी वेगवेगळ्या स्वभावाच्या वाटा एकत्र कोंबलेल्या असतात. नकाशावर एखादी वाट दिसली की मी आधी एकच गोष्ट शोधतो: सायकलसाठी होण्यापूर्वी हा रस्ता काय होता? रेल्वेचा मार्ग, कालव्याचा काठ, नदीकाठची बोटी ओढायची वाट, की शेतकऱ्याची गाडीवाट? तेवढं कळलं की चढ किती, वारा किती, सावली किती आणि कोण आडवं येईल, हे बरंचसं घरबसल्या सांगता येतं.

तुमच्या सोयीने हे चारही प्रकार बर्गंडीच्या दक्षिण भागात एकाच वर्तुळात बसतात. बोन या गावातून निघायचं, द्राक्षबागांतून सांतनेला, तिथून कालव्याने शालोंला, मग सोन नदीच्या काठाने तुर्न्यू आणि माकों, माकोंहून डोंगराच्या पोटातून क्लुनी, आणि क्लुनीहून जुन्या रेल्वेमार्गाने परत शालों. सगळं मिळून साधारण दोनशे किलोमीटर. आठ दिवसांत हे आरामात होतं, मध्ये एक दिवस नुसतं बसून काढला तरी.

सगळ्यात सोप्यापासून सुरू करतो, म्हणजे जुनी रेल्वे. शालोंजवळचं जिव्री ते क्लुनी हा 44 किलोमीटरचा पट्टा 1997 मध्ये खुला झाला आणि फ्रान्समधली ही पहिली 'व्वा व्हेर्त', म्हणजे हरितवाट. (उच्चार खरोखर आपल्या 'व्वा'सारखाच आहे, पहिल्या दिवशी हसू येतं, दुसऱ्या दिवसापासून पटतं.) फ्रान्सच्या वाहतूक नियमांत व्वा व्हेर्तला ठरलेला अर्थ आहे: मोटार असलेलं वाहन नाही, पायी चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार एवढ्यांनाच मुभा. निळ्या चौकोनी पाटीवर ही तिघांची चित्रं दिसली की निर्धास्त व्हा. पाटी नसेल आणि नुसता हिरवा बाण असेल, तर तो बहुधा कमी रहदारीचा साधा रस्ता असतो. दोन्ही प्रकार नकाशावर एकाच रंगाच्या रेषेने दाखवलेले असतात, आणि 'अहो, तिथे तर गाड्या होत्या' ही तक्रार निम्म्या वेळा तिथूनच येते.

वाफेच्या इंजिनाला खडा चढ चढता येत नसे. त्यामुळे रूळ टाकणाऱ्यांनी जिथे टेकडी आली तिथे ती कापली, जिथे दरी आली तिथे भराव घातला. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या मेहनतीचा फायदा आज तुमच्या गुडघ्यांना होतो. चढ आहे, पण डोळ्यांना दिसत नाही; फक्त एखाद्या टप्प्यात आपण आज जरा मंद का चाललोय असं वाटत राहतं आणि उलट दिशेने येणारा माणूस पाय न हलवता जातो, तेव्हा उलगडा होतो. डांबर गुळगुळीत आहे, दोन्ही बाजूंना झाडं आहेत. जुन्या स्टेशनांच्या इमारती अजून उभ्या आहेत. जिव्री आणि ब्युसीच्या आसपास द्राक्षबागा, सें-जांगूच्या पुढे कुरणं आणि त्यांत पांढऱ्याशुभ्र शारोले गाई, कॉर्मातेंला वाटेलगत सतराव्या शतकातला गढीवजा वाडा. तेझे हे गावही इथेच, वाटेपासून थोडं वर टेकडीवर. 1940 मध्ये तिथे सुरू झालेल्या ख्रिस्ती मठात जगभरातून तरुण मुलं येतात, आणि उन्हाळ्यात पाठीवर बोचकी घेतलेली ही पोरं हरितवाटेवर भेटतात.

मोकळ्या वाटेवर धोका कुठे असतो, हे इथेच सांगून टाकतो. गाड्या नसल्या की माणूस सैल होतो. मग कुठल्याशा गावाजवळ हरितवाट साध्या रस्त्याला आडवी जाते, तिथे दोन खांब किंवा नागमोडी फाटकं असतात, आणि बहुतेक ठिकाणी थांबायचं सायकलवाल्यानेच असतं. दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेली सायकल त्या फाटकातून नेताना मागची पिशवी अडकते. मी पाहिलेल्या पडापडीतल्या बहुतेक अशाच होत्या: वेग ताशी पाच किलोमीटर, नजर लांबवर येणाऱ्या गाडीकडे, पिशवी खांबात. अशा ठिकाणी सरळ उतरा आणि चालत पार करा. बाकी घंटी लांबूनच वाजवा, आणि घोड्यामागून जाताना घंटीऐवजी तोंडाने 'बोंजूर' म्हणा. घंटीने घोडा बिथरतो, माणसाच्या आवाजाने नाही.

आता बोगदा. क्लुनी आणि माकों यांच्यामध्ये ब्वा क्लेअर नावाची टेकडी आहे आणि तिच्या पोटात रेल्वेचा 1.6 किलोमीटरचा बोगदा आहे. सायकलने तो पार करता येतो. आत दिवे आहेत, तरी स्वतःचे पुढचे-मागचे दिवे लावायचेच. बाहेर भर उन्हात घामाने शर्ट भिजलेला असतो आणि आत शंभर मीटरवर हवा अशी थंड होते की दंडावर काटा येतो. छतातून ठिबकणारं पाणी, आपल्याच टायरांचा घुमणारा आवाज, आणि पलीकडे नाण्याएवढा उजेड. जाकीट पिशवीच्या तळाशी ठेवू नका, एवढंच. आणखी एक: हिवाळ्यात या बोगद्यात वटवाघळं झोपतात, म्हणून थंडीचे महिने तो बंद असतो. मी एकदा नोव्हेंबरात हे न पाहता गेलो, बंद दारासमोर उभा राहिलो आणि मग सामानासकट टेकडीवरून गेलो. तो चढ रेल्वेने का टाळला ते नीट समजलं. तुम्ही मे-जूनमध्ये जाताय, तेव्हा तुम्हाला ही अडचण नाही.

क्लुनीत एक पूर्ण दिवस ठेवा असं मी आग्रहाने सांगेन, सायकल बाजूला लावून. 910 मध्ये इथे मठ स्थापन झाला आणि त्याचं तिसरं चर्च रोममधलं आजचं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं होतं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि दगडाची खाण असावी तसं वर्षानुवर्षं फोडून नेलं गेलं. आज उरलंय ते एका बाजूचा मनोरा आणि मोठी मोकळी जागा. गावात फिरताना आपण पूर्वीच्या चर्चच्या आतून चालतोय हे कळतं, तेव्हा त्याचा आकार लक्षात येतो.

कालव्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, आणि तीच त्याची खुबी आहे. लवार नदीवरच्या दिग्वांपासून सोन नदीवरच्या शालोंपर्यंत जाणारा हा सांत्र कालवा अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरा झाला. लांबी 112 किलोमीटर, आणि बोटी चढवायला-उतरवायला 61 लॉक, म्हणजे पाण्याच्या पायऱ्या. दोन लॉकच्या मध्ये वाट अगदी सपाट. लॉक आला की दोन-तीन मीटरचा एक छोटासा उतार किंवा चढ. चढाची सवय नसलेल्या माणसाला सामान लादलेल्या सायकलवर हात बसवायला याहून चांगली जागा नाही, म्हणून मी हा टप्पा सहलीच्या सुरुवातीच्या दिवसांतच ठेवतो. लॉकशेजारच्या छोट्या घरांवरच्या पाट्या वाचा. त्यांवर क्रमांकाच्या जोडीला 'महासागर' किंवा 'भूमध्य' लिहिलेलं असतं, कारण कालव्याच्या माथ्यावरून पाणी दोन्हीकडे उतरतं, एकीकडचं अटलांटिकला आणि दुसरीकडचं भूमध्य समुद्राला. तुमच्या वाटेवरचे सगळे लॉक 'भूमध्य'वाले. सांतनेहून शान्यीमार्गे शालोंला जाताना तुम्ही पाण्याबरोबर खाली उतरत असता, हे माहीत असलं की पायडल उगाच हलकं वाटतं.

अटलांटिकच्या किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा युरोव्हेलो 6 हा लांबलचक सायकलमार्ग याच कालव्यावरून जातो. दोन-दोन महिने निघालेले लोक इथे भेटतात. त्यांच्या सामानाकडे बघून आपल्या बॅगा कमी किंवा जास्त वाटून घेऊ नका.

द्राक्षबागांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण लोक ज्यासाठी येतात ते हेच आणि फसतात तेही इथेच.

बोन ते सांतने हा सुमारे 22 किलोमीटरचा मार्ग पोमार, व्होल्ने, मेर्सो, प्युलिन्यी आणि शासान्य या गावांतून जातो. आकडा बघून लोक म्हणतात, सकाळच्या चहाआधी होईल. होत नाही. ही वाट रेल्वे नव्हती, कालवा नव्हती. ही बागाईतदारांची गाडीवाट. शेतकरी चढ टाळत नाही, त्याला जिथे तुकडा आहे तिथे जायचं असतं. म्हणून ती उताराच्या अंगाने वर-खाली वर-खाली करत जाते. एकही चढ लांब नाही, पण काही आखूड आणि चांगलेच उभे आहेत, व्होल्नेला शिरताना विशेषतः. शिवाय ही व्वा व्हेर्त नव्हे. बागेत काम करणाऱ्यांच्या गाड्या इथे हक्काने येतात. खालून मोठा रस्ता जातो, दिजोंकडून बोनमार्गे दक्षिणेकडे जाणारा. त्यावर खरी रहदारी असते आणि सायकलवाट मुद्दाम त्याच्या वर ठेवलेली आहे. मोबाइलवरचा नेहमीचा नकाशा जवळचा रस्ता म्हणून तुम्हाला खाली ढकलेल. त्याचं ऐकू नका. ओपनस्ट्रीटमॅप नावाच्या खुल्या नकाशावर चालणारं सायकलचं ॲप वापरा, आणि शंका आली तर वेलींच्या बाजूला राहा.

आपल्याकडची द्राक्षबाग डोक्यावर मांडव घेऊन उभी असते. इथल्या वेली कमरेएवढ्या, तारेवर बांधलेल्या, इतक्या दाट ओळींत की त्यांच्यात नेहमीचा ट्रॅक्टर शिरत नाही. म्हणून इथले ट्रॅक्टर उंच टांगांचे, ओळीवर दोन्हीकडे पाय टाकून चालणारे. पहिल्यांदा असं यंत्र अरुंद वाटेवर समोरून आलं की सायकल कुठे घालावी सुचत नाही. दगडी कुंपणाला सायकल टेकवून थांबायचं. चालक हात करून जातो. मे-जूनमध्ये फवारणी चालू असते. ट्रॅक्टरमागे पांढरं धुकं दिसलं तर वारा कुठून आहे ते बघा आणि वरच्या अंगाला थांबा, पाच मिनिटं गेली तरी चालेल. ओळींमध्ये शिरून फोटो काढू नका. बोटभर घडसुद्धा तोडू नका. इथला प्रत्येक तुकडा नावानिशी ओळखला जातो. त्याला 'क्लिमा' म्हणतात, असे 1,247 आहेत आणि 2015 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. प्युलिन्यी आणि शासान्यच्या शिवेवरची मोंराशे ही बाग जेमतेम आठ हेक्टरची, आणि तिच्या वाईनची किंमत ऐकून आपण सायकलवरून उतरून तिच्याकडे बघतो. दिसायला शेजारच्या बागेसारखीच. मधे फक्त एक अरुंद रस्ता.

लोकांना आश्चर्य वाटतं, पण मी सुगीच्या दिवसांत इथे येऊ नका असंच सांगतो. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर तोडणी चालते. चित्र सुंदर असतं, पण त्याच अरुंद वाटांवर मजुरांच्या व्हॅन आणि क्रेट भरलेल्या ट्रॉल्या धावत असतात, आणि मुक्कामाच्या खोल्या मिळत नाहीत. तुमचा मेअखेर-जूनचा बेत उत्तम आहे. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. उन्हाने हैराण झालात तर दुपारभर झोपून पाचला निघालात तरी तीस किलोमीटर उजेडात होतात.

आणि वाईन. चाखायची असेल तर संध्याकाळी, सायकल मुक्कामाला लावल्यावर. फ्रान्समध्ये रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे आणि ती सायकलवाल्यालाही लागू होते. कायदा सोडा, व्होल्नेचा उतार दोन पेले घेतल्यावर उतरायचा नसतो.

याच वाटेवरची माझी एक फजिती सांगतो, कारण ती तुमचीही होऊ शकते. तिथे उजव्या बाजूने चालायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. गावात, गाड्यांमध्ये, चूक होत नाही. समोरच्या गाड्याच आठवण करून देतात. चूक होते ती रिकाम्या वाटेवर. मी मेर्सोबाहेर एका बागेशी पाणी प्यायला थांबलो, दहा मिनिटं बसलो, उठलो आणि निवांतपणे डावीकडून चालू लागलो. वळणावर समोरून एक पिवळी व्हॅन. चालक हळू होता म्हणून दोघांचं फक्त काळीज हललं. दोष सर्वस्वी माझा. तेव्हापासून सायकलच्या हँडलवर उजव्या मुठीजवळ लाल दोरा बांधतो. प्रत्येक थांब्यानंतर पायडलवर पाय ठेवण्याआधी त्याकडे बघायचं. गावात आणखी एक नियम: चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, गल्ली कितीही बारीक असो.

हँडलवरून आठवलं, भाड्याच्या सायकलला पुढचा ब्रेक बहुतेक वेळा डाव्या मुठीला असतो. तुमच्या सायकलला उजवीकडे असेल तर पहिल्या दिवशी मोकळ्या जागेत दहा-बारा वेळा थांबून बघा. उतारावर घाबरून डावा ब्रेक करकचून दाबायची ती जागा नव्हे.

उरली नदी. सोन, उच्चार आपल्या 'सोनचाफ्या'तल्या सोनसारखा. ज्युलियस सीझरने या नदीबद्दल लिहून ठेवलंय की ती इतकी संथ आहे की कुठल्या दिशेला वाहते हे डोळ्यांना कळत नाही. मी तुर्न्यूजवळ काठावर बसून काडी टाकून बघितली. काडी बराच वेळ विचारात पडल्यासारखी जागेवरच फिरली आणि मग दक्षिणेकडे निघाली. शालों ते माकों साधारण पासष्ट किलोमीटर, पूर्वी बोटी ओढून नेण्याच्या काठच्या वाटेने. बहुतेक डांबर, काही तुकडे दाबलेल्या बारीक खडीचे. पस्तीस-चाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर असले की फरक जाणवत नाही. चढ नाहीच. दोन्ही बाजूंना ओली कुरणं, जी हिवाळ्यात आणि कधी वसंतातही पुराच्या पाण्याखाली जातात. तेव्हा वाटही पाण्यात जाते, म्हणून आधीचे आठ दिवस जोराचा पाऊस झाला असेल तर निघण्यापूर्वी चौकशी करा.

सपाट वाटेचा चढ म्हणजे वारा. या खोऱ्यात उत्तरेकडून 'बीझ' नावाचा कोरडा, गार वारा वाहतो. झाडांची सावली कमी, बांध उघडा, आणि वारा समोरून असेल तर पस्तीस किलोमीटर साठसारखे वाटतात. म्हणूनच मी वर्तुळ असं मांडलंय: नदीकाठ उत्तरेकडून दक्षिणेकडे, वाऱ्याला पाठीशी घेऊन, आणि परतीचा उत्तरेकडचा प्रवास जुन्या रेल्वेने, झाडांच्या आणि टेकड्यांच्या आडोशाने. बरेच जण उलटं करतात, कारण क्लुनी आधी बघायची घाई असते. तुम्ही करू नका.

शालोंमध्ये थांबाल तर निसेफोर निएप्सचा पुतळा दिसेल. छायाचित्रण शोधणारा माणूस या गावचा. त्याने खिडकीतून टिपलेलं, आज टिकून असलेलं जगातलं सर्वांत जुनं छायाचित्र जवळच्याच एका खेड्यातलं आहे. तुर्न्यूमध्ये सें-फिलिबेर मठाचं चर्च, जाड गोल दगडी खांबांचं, उन्हातून आत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो असं. माकों मोठं गाव, तिथून शार्नेमध्ये हरितवाटेवर लागेपर्यंत दोन-चार किलोमीटर शहरातून जायचं आहे. या अख्ख्या वर्तुळात तुम्हाला गाड्यांचा त्रास होईलच तर तिथे. रविवारी सकाळी हा तुकडा पार केला तर तोही जाणवत नाही. पुढे डावीकडे सोल्युत्रेचा सुळका दिसत राहतो, 493 मीटरचा, जहाजाच्या नाळेसारखा पुढे आलेला.

आता सायकल. स्वतःची नेऊ नका. दोनशे किलोमीटरसाठी खोकं, विमानाचं जादा सामान आणि जोडणी हा खटाटोप वाया आहे. बोनमध्ये भाड्याने मिळते. सोबत फक्त स्वतःची सीट न्या. हसू येईल, पण तिसऱ्या दिवशी माझी आठवण काढाल. सायकल घेताना साखळीचं पुढचं सर्वांत लहान दातेरी चाक आणि मागचं सर्वांत मोठं दातेरी चाक यांचे दात मोजा: मागचे जास्त हवेत, म्हणजे पुढे 28 असतील तर मागे 32 किंवा 34. दुकानदार 'चोवीस गिअर आहेत' म्हणेल. गिअर किती याला अर्थ नाही, सर्वांत हलका किती हलका याला आहे.

विजेच्या सायकलीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. तुम्हा दोघांतला जो जरा मागे पडतो, त्याला ती घ्या. युरोपात मोटर ताशी 25 किलोमीटरपर्यंतच मदत करते आणि पायडल मारल्याशिवाय चालत नाही, त्यामुळे व्यायाम बुडत नाही. फायदा असा की दोघं बरोबरीने चालतात आणि वाटेत गप्पा होतात. एकाने पुढे थांबून वाट बघायची आणि दुसऱ्याने धापा टाकत येऊन 'चल' ऐकायचं, याने मी चांगल्या जोड्यांची तोंडं फुगलेली बघितली आहेत.

सामान एका माणसाला दहा किलोच्या आत. बोन, शालों, तुर्न्यू, माकों ही सगळी गावं दिजों-ल्यों रेल्वेमार्गावर आहेत आणि तिथल्या प्रादेशिक गाड्यांत सायकल चढवता येते. तेव्हा पाऊस लागला किंवा गुडघा दुखला तर गाडीने पुढचा मुक्काम गाठा, त्यात कमीपणा काही नाही. क्लुनीला मात्र रेल्वे नाही, बस आहे. म्हणून तब्येतीची कुरकुर असेल तर माकोंलाच विचार करा. मुक्काम शोधताना 'अक्के व्हेलो' हे चिन्ह बघा. ते असलेली ठिकाणं सायकलमार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात आणि सायकल ठेवायला बंद जागा व दुरुस्तीची हत्यारं देतात.

खेड्यांत दुपारी बारा ते दोन दुकानं बंद. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारीही ब्रेडचं दुकान उघडत नाही. शनिवारी संध्याकाळी दोन वेळचं खाणं पिशवीत असू द्या. पाण्यासाठी तिथल्या सायकलवाल्यांची युक्ती: गावाच्या कडेला कबरस्तान असतं आणि फुलांना घालायला तिथे नळ असतो. पाणी पिण्याचं नाही अशी पाटी नसेल तर बाटली भरून घ्या. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं. सरूच्या उंच झाडाखाली बाक असतो, सावली असते, आणि त्या भागात याहून शांत जागा शोधून सापडणार नाही.

हेल्मेट मोठ्यांना सक्तीचं नाही, बारा वर्षांखालच्यांना आहे, तुम्ही घालाच. अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर चमकती जाकिटं सक्तीची आहेत. कानात इअरफोन चालत नाहीत.

सरावाचं म्हणाल तर तुमचे रोजचे पंचवीस किलोमीटर पुरेसे आहेत. कमी आहे ती लागोपाठ बसण्याची सवय. निघण्याआधीच्या दोन महिन्यांत चार-पाच वेळा सलग तीन दिवस, रोज पस्तीस किलोमीटर, पिशव्या भरून चालवा. पहिल्या दिवशी काही वाटणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना जे वाटेल, ते बर्गंडीत जाऊन पहिल्यांदा कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

व्हिसा शेंगेनचा लागेल. मुक्कामाच्या गावांची नावं तारखांसह लिहून द्यावी लागतात, तेव्हा हा क्रम वापरा. बोन दोन रात्री, सांतने, शालों, तुर्न्यू, माकों, मग क्लुनी दोन रात्री. शेवटच्या दिवशी क्लुनी ते शालों पंचावन्न किलोमीटर होतात. जास्त वाटत असेल तर सें-जांगू किंवा ब्युसीला एक रात्र काढा. मी तर तेच सुचवेन. ब्युसीहून सकाळी निघालात की दुपारी शालोंला गाडीत सायकल चढवायची आणि अर्ध्या तासात बोन. ज्या दुकानातून सायकली घेतल्या ते संध्याकाळी कधी बंद होतं, तेवढं पहिल्या दिवशीच विचारून ठेवा.